चोवीसांत एक

जावयाला कंपनीनं तीन महिने जपानला धाडलं होतं.
येताना पोरासाठी खोका आणला.
पोरानं उघडला, एकशे बेचाळीस तुकडे बघितले,
झाकण लावून माझ्याकडं सरकवला.
आजोबा, तुम्ही पेंटर होता ना?

होतो.
चिकलठाण्याच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं
एसटीच्या अंगाला लाल,
डब्यानं, बादलीनं, खांदा भरून येईस्तोवर.
एका गाडीला किती लिटर, झोपेतही सांगीन.
आणि ही बाटली
डोळ्यात घालायच्या औषधाएवढी.

कागदावर सगळं जपानी.
पण बाण कळतात, आकडे कळतात,
आणि आधी काय, मागून काय
हे पत्र्यानं मला कधीचंच शिकवलेलं.
कोवळ्या चिंचा लटकाव्यात तसे चौकटीला लटकलेले भाग
नेलकटरनं एकेक तोडले,
हजार नंबरच्या पॉलिशपेपरनं पाण्यात घासले.
हजार नंबर!
तिथं आम्ही ऐंशीपासून सुरू करायचो.

थिनरची बाटली उघडली तशी
गया आतून म्हणाली,
आलं का परत वर्कशॉप घरात?
रिटायर झालो त्याच आठवड्यात तिनं
माझे कामाचे तिन्ही शर्ट बोहारणीला देऊन टाकले होते.
दाराशी येऊन उभी राहिली मात्र,
जरा वेळ,
हुंगत.

खोक्यावर लिहिलंय, चोवीसांत एक.
मी हिशोब केला.
ह्या मापानं मी सात सेंटिमीटरचा,
आमची एसटी हातभर,
गुलाम दस्तगीर, जो शिडीशिवाय टपावर चढायचा,
माझ्या मधल्या बोटाएवढा.
मुकुंदवाडी ते वर्कशॉप, रोजची सायकल,
ह्या गल्लीतच संपेल.
सगळं लहान होतं.
धूळ होत नाही.

मे महिना. दुपारी वारा सुटला की
जालना रोडची माती घरात पाहुणी.
बसवर एखादा कण बसला तर कोण बघतं,
इथं तो बॉनेटवर धोंड्यासारखा दिसतो.
म्हणून पहाटे साडेचारला, वारा निजलेला असताना,
कूलरच्या रिकाम्या खोक्यात गाडी ठेवून
पहिला हात दिला. ऊन चढायच्या आत दुसरा.
इतका पातळ, की खालचा राखाडी दिसत राहिला,
मग दिसेनासा झाला.
नेमका कधी, ते मला सांगता यायचं नाही.
साल आली नाही.
रंग दाणेदार बसला की संत्र्याची साल म्हणायचो आम्ही,
आणि फोरमन सगळी बस पुन्हा घासायला लावायचा.

डाव्या बाजूचा आरसा चिमट्यातनं उडाला.
तांदळाच्या कणीएवढा.
फरशी झाडली, केर पिठाच्या चाळणीनं चाळला,
गया गुडघे धरत खाली बसली, मोबाइलचा उजेड धरला.
चाळणीत निघालं मेथीचे दाणे, शर्टाचं बटन,
आणि तिच्या कुडीचा मोती,
दोन वर्षांपूर्वी मोलकरणीवर ज्याचा आळ घेतला होता तो.
आरसा नाही.
मोती धुऊन तिनं मुठीत धरला. कितीतरी वेळ गप्प.
मग म्हणाली, उद्या शोभाला बोलावून घेते.

इंजिनाला नऊ वायरी.
कागदावर नव्हत्या, मीच लावल्या,
शिवणाच्या काळ्या दोऱ्याच्या.
मग बॉनेट बसवलं, चिकटवलं, कायमचं.
बसच्या पोटाखाली रेड ऑक्साइड मारताना
गुलाम विचारायचा, इथं वाकून कोण बघणार?
आणि दुसरा हात
माझ्याआधी तोच मारायचा.

आता ती फ्रिजवर उभी असते, एका आरशानं.
कुंडलिकराव चहाला आले, चष्मा कपाळावर चढवून जवळ गेले.
चालते का?
नाही.
मग काय उपयोग, म्हणाले,
आणि चहा निवला तरी तिथंच उभे.

रोज सकाळी दाढीच्या जुन्या ब्रशनं
तिच्यावरची धूळ काढतो.
चोवीसपट असते.