एर्सीलियाचा उजवा पाय

आमच्या कारखान्यात पायांची भिंत आहे.
बीचच्या लाकडाची चार हजार कलबुतं,
घोट्याशी तारेचा आकडा, जोडीजोडीनं टांगलेली.
गावात कुणाचंही नाव घ्या,
बाबांना चेहऱ्याआधी टाच आठवते.

यंदा ती भिंत मी संगणकात उतरवते आहे.
फिरत्या तबकडीवर कलबूत ठेवायचं,
लाल रेघ त्याच्यावरून सरकते, मांजर अंग चाटतं तशी,
आणि पडद्यावर बिंदू साचतात. दोन लाख, तीन लाख.
बिंदूला जागा असते, शेजार नसतो.
शेजार मी देते.
तीन-तीन बिंदू त्रिकोणात बांधते,
बाहेर कुठं नि आत कुठं, प्रत्येकाला शिकवते.
एखादा पाठ फिरवून बसतो, रुसल्यासारखा,
तिथं काळं दिसतं. वळवावा लागतो.
मग भोकं बुजवायची.
पाणी भरलं तर थेंब गळता कामा नये.
(पाणी नसतंच. गळती असते.)

शेवटी जाळी बाजूला, आणि वर ताणायचा सलग पृष्ठभाग
मोजक्या नियंत्रणबिंदूंच्या आधारानं.
ते हवेत असतात.
पृष्ठभाग त्यांच्याकडे झुकतो, पोचत नाही.
बाबांना हे पटेना:
"लाकडाला न लागणारा खिळा, तो कसला खिळा?"
मी म्हटलं, आई नुसती दारात उभी राहिली
तरी तुम्ही पाय खाली घेऊन बसायचात.
ते कानस पुसत राहिले, बराच वेळ.

सप्टेंबरात एर्सीलिया ताम्बुर्रीनी हाती आली.
एकोणतीस वर्षं टपाल वाटलं तिनं या चढाच्या गल्ल्यांतून.
डावा पाय साधा.
उजव्याच्या अंगठ्याच्या मुळाशी गाठ,
ती वाढेल तशी बाबांनी लाकडावर चामड्याची चकती डकवलेली,
तिच्यावर दुसरी, तिसरी,
कडेला पेन्सिलीनं साल.
यंत्रानं सालं वाचली नाहीत, पायऱ्या वाचल्या.
विचारलं: खडबड आहे, गुळगुळीत करू?
दुपारचे पावणेदोन. मला भूक लागली होती.
मी हो म्हटलं.

प्रत्येक बिंदू शेजाऱ्यांच्या सरासरीवर जाऊन बसतो,
गणित इतकंच. पुन्हा. वीसदा.
इतका देखणा पाय त्या पडद्यावर कधी आला नव्हता.
वक्रतेचे रंग निळ्यातून हिरव्यात गेले
कुठंही ठेच न लागता.

रात्रभर छापून पांढरा प्लास्टिकचा पाय सकाळी बाबांच्या मांडीवर.
मोतीबिंदू झालाय, तरी डोळे मिटले त्यांनी.
टाच. कमान. मग त्यांचा अंगठा,
अंधारात नसलेल्या पायरीवर पाऊल टाकावं
तसा अडखळला.
"ही कोण?"
एर्सीलिया.
"ही कुणीच नाही. हिनं एक पत्र पोचवलेलं नाही."

मी वीसदा मागे गेले.
चार नियंत्रणबिंदू बाहेर ओढले, एक थोडा आत.
गाठ उठली, साडेसहा मिलिमीटर,
रंगांच्या नकाशावर लाल डाग.
प्रोग्रॅम त्याला दोष म्हणतो. म्हणू दे.

गुरुवारी ती स्वतःच आली, भाचीच्या लग्नासाठी बूट हवे म्हणून.
मोजा काढला.
"गाठ? ती कापली की, आन्कोनाच्या इस्पितळात, तीन वर्षं झाली.
तुम्हाला कळवायचं राहिलंच."

बाबा फरशीवर बसले, गुडघे कुरकुरले.
व्रणावर अंगठा ठेवला.
गाठ नव्हती. सपाटही नव्हतं.
खळगा होता, मसुराएवढा,
चकत्यांना ठाऊक नसलेला, मलाही.

"लिही," ते म्हणाले. "आत. दीड."
मग विचार करून, "सव्वा."

मी बिंदू आत ढकलला.
एर्सीलिया विचारत होती,
करड्या रंगात मिळतील का, फार काळे नकोत.