आधी थांबायचं बोल

मला ते लाल कॅलिपर हवे होते.
चार पिस्टनचे.
चाकाच्या आऱ्यांमधून डोकावणारे,
सिग्नलला शेजारच्याची मान वळवणारे.
मिचेल्स प्लेनच्या आमच्या गल्लीत
गाड्यांबद्दल बोलतात म्हणजे
पळण्याबद्दल बोलतात.

माझी गोल्फ माझ्याहून तीन वर्षांनी मोठी.
पत्रा मूळचा, पातळ, दोनदा रंगवलेला,
इंजिन मात्र दुसऱ्याच गाडीचं, दोन लिटरचं,
इगशानने आणि मी रमजानच्या रात्री
सहरीपर्यंत जागून बसवलेलं.
मागे अजून ड्रमच.
पुढची डिस्क बशीएवढी.
कुणीच विचारलं नाही.
मीही नाही.

मग सर लोरीज पासचा तो उतार.
खाली सगळा उपसागर, सॉमरसेट वेस्टचे दिवे नुकते लागलेले.
तिसऱ्या वळणावर वास आला,
इस्त्रीखाली कापड विसरल्यासारखा.
चौथ्यावर पेडल मऊ पडलं.
पाचव्यावर पाय खाली गेला
आणि खाली
काहीच नव्हतं.

रस्त्याच्या मधोमध एक बबून मादी,
पोटाशी पिलू.
ती उठली नाही. का उठावं?
डोंगर तिचा.
गिअर खाली, अजून खाली, हँडब्रेक,
मागची चाकं किंचाळली, गाडी तिरपी झाली,
बंपरमध्ये आणि तिच्यामध्ये
एक पाव मावला असता, तेवढंच अंतर.
तिने माझ्याकडे पाहिलं.
मग बॉनेटवर चढली, सावकाश,
आणि जाताना डावा वायपर घेऊन गेली.

आता हसू येतं. तेव्हा
स्टीअरिंगवरचे हात काढता येईनात.

ॲथलोनच्या गॅरेजात बूटा गसांतने
माझा कॅटलॉग मिटून खिडकीत ठेवला.
टाकीचं झाकण उघडलं, आत काडी बुडवली,
उजेडात धरली.
"रॉयबॉस," म्हणाला.
"तू गाडी चालवतेस का चहा उकळतेस?"
चार वर्षं मी तेल बदललं नव्हतं. ब्रेकचं.
इंजिनचं दर पाच हजारांना,
बाळाच्या दुधासारखं मोजून.

"रिम किती इंची?"
तेरा.
"मग हे तुझे लाल नवरदेव मांडवात मावायचे नाहीत.
पंधराच्या रिम घे, त्यांना टायर घे,
मग पेडल दगड होईल, मास्टर सिलिंडर बदल,
मग पुढचं इतकं धरेल
की पावसात मागचं तुला ओव्हरटेक करेल.
आणि ऐक, तौहीदा,
ब्रेक गाडी थांबवत नाही.
ब्रेक चाक थांबवतो.
गाडीला थांबवतो रस्ता,
तोही टायर धरेल तेवढाच."

माझे टायर पाहून तो काही बोलला नाही.
नुसता त्यांच्यावरून अंगठा फिरवला.
टक्कल पडलेल्या चुलत्याची कुणी टिंगल करू नये,
तसं.

मग भंगारातल्या जीटीआयची जाड डिस्क,
व्यास तोच, पण पोटातून हवा खेळणारी.
उष्णतेला न घाबरणारे पॅड.
तारेच्या जाळीत विणलेले पाइप, फुगू नयेत म्हणून.
नवं तेल, मधासारखं.
चार टायर.
पैसे मोजताना वाटलं, हे सगळं
चाकाआड, काळं, मुकं,
कुणाला दिसणार?
लाल कॅलिपर अजून स्वप्नात येतात, खोटं कशाला बोलू.

पहाटे बेडन पॉवेल ड्राइव्हवर पॅड रुळवायला नेली.
वाळूचे पट्टे रस्त्यावर आलेले, समुद्र पत्र्याच्या रंगाचा.
ऐंशीवरून वीस. पुन्हा ऐंशी. पुन्हा वीस.
पूर्ण थांबायचं नाही, बूटा म्हणाला होता,
तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उठतो.
दहा वेळा.
इगशान दाराचं हँडल धरून म्हणाला,
"पण बदललं काय? दिसत तर काही नाही."
मी पेडल दाबलं.
त्याची टोपी डॅशबोर्डवर जाऊन पडली.

वायपरपुरते पैसे उरले नाहीत.
जूनपर्यंत पाऊस नाही,
तेव्हाचं तेव्हा बघू.