साडेतीन

ओव्हरक्राउडिंग.
कोशात याच्यापुढे लिहिलंय : अतिगर्दी.
ते काही खरं नाही.
गर्दी जत्रेत होते, गर्दीला हौस असते,
गर्दीत माणूस आपल्या पायांनी जातो.
या शब्दाला पाय नाहीत.
हा दारावर खिळ्याने ठोकतात.

ग्लासगोत, गॉर्बल्समधल्या एका जिन्यावर,
तिसरा मजला, डावीकडचं दार,
त्यावर तळहाताएवढा पत्रा :
एक हजार पन्नास घनफूट. माणसं साडेतीन.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं.
आपले मुहूर्त साडेतीन, शहाणे साडेतीन,
देवीची पीठं साडेतीन,
आणि हा देह, तोही साडेतीन हात.
अर्ध्याला आपण कधी कमी लेखलं नाही.
तिथे अर्धं म्हणजे
आठ वर्षांच्या आतलं मूल.

तर हिशेब असा.
डूगल मॅकग्लॅशन, गोदीत हमाल : एक.
एफी, त्याची बायको : एक. पोटातलं धरत नाहीत.
आयझा अर्धी, वुली अर्धा,
धाकटी अ‍ॅग्नी, तीही अर्धी,
खोकला मात्र पुरा.
हवा बरोबर पुरली.

मार्चमधल्या एका मंगळवारी
आयझाने आठ पुरी केली.
आईने पावावर साखर भुरभुरली,
वुलीने बोट लावून चाटली,
आणि त्या संध्याकाळी कोणी आलं नाही, गेलं नाही,
एक खुर्ची हलली नाही,
तरी घरात अर्धं माणूस जास्त झालं.

मोजायला रात्री येत.
दिवसा माणसं सांडलेली असतात,
झोपेत ती जागेवर सापडतात.
एक वाजता जिन्यावर बूट,
मग दगडी पायरीवर कंदील ठेवल्याचा आवाज,
मग इन्स्पेक्टर रेनीचं खाकरणं.
तेवढ्यात आयझा कोळशाच्या पेटीत.

तिथे गुडघ्यांत हनुवटी घालून
ती विचार करायची,
माझं जास्तीचं अर्धं कुठलं?
कमरेखालचं?
की डावीकडचं, ज्या हाताने लिहिलं की बाई मारतात?

या शब्दाचं व्याकरण मी पुष्कळ तपासलं.
त्याला प्रथमपुरुष नाही.
तो उंबऱ्याबाहेर उभं राहूनच बोलता येतो,
हातात वही असेल तर अधिक स्पष्ट.
आत कोणी म्हणत नाही,
आम्ही ओव्हरक्राउडेड आहोत.
आत म्हणतात, सरक.
आत म्हणतात, पाय घे, गार लागतोय.
आत कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून,
एकाच्या स्वप्नात दुसऱ्याचं कोपर.

रेनीने भिंतीतला पलंग उपसला,
चादरीखाली कंदील धरला,
पुटपुटत मोजलं : तीन.
'थोरली कुठंय?'
'मावशीकडे. सातची आहे अजून.'
पेटीत कोळसा किंचित घरंगळला.
रेनी थांबला.
वहीत काहीतरी लिहिलं, की नुसती पेन्सिल ओली केली,
ते एफीला दिसलं नाही.
जाताना म्हणाला, कोळसा दाराजवळ ठेवू नका, ओल धरतो.

त्यानंतर आयझा दोन वर्षं सातच होती.
अ‍ॅग्नी तेवढं थांबली नाही.
तिचं अर्धं गेलं तेव्हा
आयझा हक्काने आठ झाली, खरं तर दहा,
आणि घर पत्र्याप्रमाणे बसलं.
त्यावर एफी काही बोलली नाही.
पुढचं बाळ आलं, तर पुन्हा पेटी.

मग तो जिनाच पाडला.
म्हाताऱ्या आयझाला बाराव्या मजल्यावर
दोन खोल्या मिळाल्या, नळाला गरम पाणी,
खिडकीतून नदी, आणि कोणी नाही.
कौन्सिलचा फॉर्म आला :
घरात राहणाऱ्या व्यक्तींची संख्या.
डाव्या हाताने तिने एक लिहिलं.
बराच वेळ पेन तिथेच धरलं.

रुंद पलंगावर ती भिंतीला चिकटून झोपते,
पाठीमागे जागा सोडून,
एका मोठ्या माणसाची नाही,
त्याहून थोडी कमी.