तिसऱ्या पाळीतलं नाक

गॅलियम ऑक्साइड पांढरं असतं,
तांदळाच्या पिठीपेक्षा जड,
बोटाला लागलं की झटकून जात नाही.
साच्यात दाबलं की शर्टाच्या बटणाएवढी चकती होते.
ती तेराशे अंशांवर रात्रभर भाजायची.
कण कणाला धरतो, पण पुरता मिसळत नाही,
मधे फटी राहतात.
त्या फटींसाठीच माझी सहा वर्षं.

थंड असताना ती ठार बहिरी.
मीटर लावा, वाट पाहा, काही नाही.
सातशेच्या पुढे तापली की
हवेतला प्राणवायू तिच्या अंगावर येऊन बसतो,
एकेक इलेक्ट्रॉन उसना नेतो,
परत द्यायचं नाव नाही.
मग येतो कार्बन मोनॉक्साइड,
रंग नसलेला, वास नसलेला,
त्या प्राणवायूलाच उचलून घेऊन जातो
आणि इलेक्ट्रॉन घरी परततात.
आकडा खाली उतरतो.
एवढंच तिचं बोलणं.

कुंडईच्या फाउंड्रीत आम्ही ती बसवली
धुराड्याच्या मानेत, प्लॅटिनमच्या दोन तारांवर.
मिंगेल बारेतो कमरेवर हात ठेवून बघत होता.
एकोणतीस वर्षं भट्टीवर,
ज्योतीच्या रंगावरून हवा ठरवणारा,
कोक जळण्याच्या वासावरून पाळी चालवणारा.
"बाय, हें बुतांव कितें सांगतलें?
म्हाका वास कळटा."
सगळे हसले. मीही.

रात्री कुंभारजुव्याच्या खाडीवरून दमट वारा वर चढला.
पत्र्याला घाम, वहीच्या पानांना घाम.
माझ्या जुन्या कथिलाच्या चकत्या
असल्या हवेत खोटं बोलायच्या,
बाष्पालाच वायू समजायच्या.
म्हणून तर ही एवढी आग:
पाण्याची लुडबुड तिथे चालत नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी आकडा घसरला.
आधी थोडा. मग जिना चुकल्यासारखा.
झडप अडकली होती कुठेतरी.
मिंगेल वरच्या फळीवर, भट्टीच्या तोंडाशी.
मी ओरडले, खाली या.
त्याने मान वर केली, नाकपुड्या फुगवल्या,
दोनदा खोल श्वास घेतला
आणि आधी पाहिलं ते माझ्याकडे नाही,
शेजारच्या पोरांच्या तोंडांकडे.
पोरांनाही काही कळलं नव्हतं.
कळणार तरी कसं.
पण मला ते पाहणं कळलं.

बाहेर वाळूच्या ढिगाऱ्यावर बसून
त्याने बराच वेळ बूट झटकले.
आजारपणाच्या त्या वर्षी गेलं ते गेलं, म्हणाला.
घरात फक्त तेरेझाला ठाऊक.
चहात फेणी ओतली तरी पत्ता लागत नाही.
दोन वर्षं तो दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरून वास घेत होता.
कोणी नाक मुरडलं की कोक बदलायचा,
कोणी खोकलं की हवा वाढवायची.
आणि रंग? रंग दिसतात, बाय, रंग अजून दिसतात.

मला आठवला बाबांचा रुमाल.
सुर्ल्याच्या खाणीवर ते टिप्पर भरायचे,
घरी आले की रुमाल बादलीत,
बादलीतलं पाणी विटकरी.
तेही धातूचं ऑक्साइडच, लोखंडाचं.
त्यांच्या छातीत ते चोवीस वर्षं होतं,
सदतीस अंशांवर,
आणि तिथे कोणी तारा जोडल्या नव्हत्या.
ही गोष्ट मी मिंगेलला सांगितली नाही.
त्याने विडी पेटवली, दोन झुरके घेतले, विझवली.

साडेपाचला झडप मोकळी झाली.
पाववाल्याचा भोंगा गेटापाशी वाजला.
मिंगेलने पाव घेतले, एक माझ्या हातात दिला,
स्वतःचा नाकाशी नेला सवयीने
आणि मग नुसताच खाल्ला.

वहीत वेळ लिहिली, तापमान लिहिलं, रोध लिहिला.
शेवटचा रकाना: भट्टीवाल्याचा शेरा.
मी पेन धरून थांबले.
तो धुराड्याकडे बघत म्हणाला,
"बरय. वास आयलो."

मी लिहिलं.