नीरम

अकरा वर्षं मी माणसं आणतो या धक्क्याला,
पारामारिबोहून, कोमेवेना नदीनं,
आणि खालीच बसतो, इंजिनाला फडकं मारत.
घर वर. ते वर जातात.
आज एक बाई टोपी विसरून आली
म्हणून मीही चढलो.

एकोणीस पायऱ्या, विटांच्या. खाली रुंद,
चढत जाल तशा निमुळत्या.
मुद्दाम, हेर्मिना म्हणते. खालून बघणाऱ्याला
घर आहे त्याहून उंच वाटावं.
वाटतं.

विटा हॉलंडच्या. पिवळट, साबणाच्या वडीएवढ्या.
रिकामं जहाज समुद्रात लोळतं, म्हणून
तळाशी नीरम भरून आणलेल्या.
हे मला कुणी समजवायला नको.
मी विचारलं, मग परत जाताना?
साखर, ती म्हणाली.
वजन तेवढंच.

वरचं सगळं लाकूड. खिळा एक नाही,
नुसत्या खुंट्या, आणि एकही सांधा उसवलेला नाही.
सुतारांची नावं वहीत आहेत:
खेचरांच्या खाली, तांब्याच्या कढयांच्या वर,
समोर किंमत.

मालक लांडमेर. ही मेरलांड.
गुलामी सुटली तेव्हा कागदाला आडनाव हवं होतं.
कारकुनानं मालकाचंच दिलं,
सदरा उलटा करून घालावा तसं.
"शिवणी तेवढ्या बाहेर आल्या,"
हेर्मिना हसते.
आपण हसावं की नाही
हे पाहुण्यांचं ठरता ठरत नाही.

ते दिवाणखान्यात रेंगाळले तेव्हा
तिनं मला कोपऱ्यातली खिडकी दाखवली.
काच नाही, झिलमिली. पट्ट्या तिरक्या.
आतून नदी दिसते, धक्का, पाटाचं दार,
उसाचं रान, जिथं आता खारफुटी माजलीय.
बाहेरून आतलं काहीच नाही.
डोळा लावला.
खाली माझी होडी. इंजिनावर फडकं.
आणि तो ओंडका, मी बसतो तो,
दोन पट्ट्यांच्या फटीत
नेमका मावणारा.

अकरा वर्षं.

टोपी बाकावर होती. गवती, अगदीच हलकी.

धक्क्यावर सगळ्यांना बसवलं:
दोघं डावीकडे, तिघं उजवीकडे,
जाड गृहस्थ मधे.
हेर्मिनाला आज शहरात यायचं होतं.
कुठं बसू? तिनं विचारलं.
पुढं बस, म्हटलं.
नाकाशी होडी हलकी आहे.