रिकामी ओळ

वायंगणीत लाइट गेली की वर्ग ओट्यावर भरतो.
शमिका लेबलं चिकटवते, तिरकी.
देवू आगळाच्या बाटल्या मोजतो बाराच्या पाढ्याने
आणि बारा सत्ते चौऱ्याऐंशीला अडतो,
कारण सातव्या खोक्यात एक बाटली कमी आहे.

रातांबे फोडून माझी बोटं जांभळी.
वहीत जिथे जिथे चूक दाखवली
तिथे माझा ठसा.

काल टपालवाले जयराम कुंपणापाशीच थांबले,
"पोरांका शाळेत कित्याक धाडणस नाय गो?"
मी पार्सलं पुढे केली.
शाळेची गाडी बंद झाली, हे खरं;
पण तेवढंच खरं नाही.

आज नफ्याचं गणित.
रातांबे, मीठ, बाटल्या, बुचं, टपालखर्च,
देवूने सगळं वजा केलं.
उरले तेराशे चाळीस.
मी शाबास म्हणणार,
तर शमिका, ओठाला डिंक लागलेला,
"आई, तुझे तास कुठे मांडले?"

खाली वाळूत कुणी तरी होडी ओढत होतं,
थांबत, पुन्हा ओढत.
मी म्हटलं, ते उद्या.
तिने एक ओळ रिकामी सोडली
आणि खाली पट्टीने रेघ मारली.