सहावं बटण

कोटाला सहा बटणं होती.
पाच काळी, शिंगाची.
सहावं तपकिरी, जरा मोठं,
काजात बळेच शिरणारं,
हिरव्या दोऱ्यानं लावलेलं.

ऑक्टोबर, एकाहत्तर. सस्कॅचेवान.
धान्याच्या उंच कोठारामागं,
कापलेल्या जवसाच्या धसकटात
ती पालथी पडली होती.
वय पंचवीस ते पस्तीस.
गळ्याभोवती काय होतं ते अहवालात आहे,
इथं नको.

पंचनाम्यावर पाच सह्या झाल्या:
कॉन्स्टेबल द्युफ्रेन, डॉक्टर ऑलिफंट,
थीसन, ज्याच्या कुत्र्याला ती सापडली,
स्टेशनमास्तर,
आणि टंकलेखक म्हणून मी.
जिच्यासाठी जमलो, तिच्या नावाच्या रकान्यात
मी आडवी रेघ मारली.
एकोणीस वर्षांची होते.
रकाना रिकामा सोडायचा नाही,
एवढंच शिकवलं होतं.

शिवणकाम करणाऱ्या हॅलिना प्रिस्तुपाला
कोट दाखवला.
तिनं भिंगातून गाठ न्याहाळली. म्हणाली,
डावखुऱ्या हाताची आहे.
आणि बघा, दोरा बुंध्याला चारदा गुंडाळलाय.
थंडीत लांब जायचं असलेल्या माणसाचं
बटण असं लावतात.

मारायला लागला असेल
त्याहून जास्त वेळ
त्या बटणाला लागला होता.

गाडीतून तिघं उतरले, स्टेशनमास्तर म्हणाला.
आठवड्यानं म्हणाला, दोघं.
नंतर त्यानं घराला नवं छप्पर घातलं
आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही,
मीसुद्धा.

द्युफ्रेन निवृत्त झाला, वारला.
खोका रेजायनाला गेला, परत आला,
एका बाजूनं उंदरांनी कुरतडला.
हाडाचा तुकडा दोनदा प्रयोगशाळेत पाठवला.
कुणाशीच जुळत नाही, असं पत्र आलं,
दोन्ही वेळा मीच फाइलला लावलं.

मी आता त्र्याहत्तरची.
सुईत दोरा ओवायला नात लागते.
रात्री जाग आली की तो डावखुरा हात दिसतो,
बाईचा की पुरुषाचा कळत नाही,
हिरवा दोरा दातानं तोडताना.

आणि वाटतं, हरवलेलं ते मूळचं काळं बटण
ती गेल्यावर पलंगाखाली सापडलं असेल.
कुणीतरी पुसून बिस्किटांच्या डब्यात टाकलं असेल,
आली की लावू म्हणून.
डबा अजून असेल.
पोरं खेळायला ओतत असतील बटणं,
सारखी सारखी लावत असतील जोडीला,
आणि ते एक
दर वेळी बाजूला उरत असेल.